गच्चीवरचं मशीन

तूर निघाली की शिरसवाडीत दिवस उजाडायचा तो ब्लोअरच्या घरघरीनं. लातूर-उदगीर रस्त्याच्या कडेला संगमेश्वर सेठची दालमिल उभी राहिली तेव्हा गावानं हलगी वाजवून नारळ फोडला होता. आता त्याच मिलच्या पत्र्यातून बाहेर काढलेला जाड पाइप गावाकडं तोंड करून दिवसभर भुकटी ओकत होता. तुरीच्या टरफलाची पिवळट, हलकी भुकटी. ती दुधावर साय धरायच्या आधी बसायची. वाळत घातलेल्या धोतराच्या घड्यांत शिरायची. पीठ मळताना हाताला कचकचायची. आणि शिवगंगाच्या नवऱ्याच्या छातीत शिरली की तिथून निघायचं नावच घ्यायची नाही.

ईश्वरप्पा एकेकाळी मोटेच्या बैलाला लाजवेल असा माणूस. आता पायऱ्या चढताना मधेच बसायचा, गुडघ्यावर हात रोवायचा आणि मासा पाण्याबाहेर पडावा तसं तोंड उघडंमिटं करायचा. डॉक्टरनं तोंडात मारायचा पंप दिला होता. "धुळीत जाऊ नका," असंही सांगितलं होतं. घरच धुळीत असल्यावर जायचं कुठं, ते काही त्यानं सांगितलं नव्हतं.

पाइपाच्या तोंडाला कापडी पिशव्या लावल्या की भुकटी आतच अडकते. मिल नवी होती तेव्हा पिशव्या होत्याही. मग ब्लोअरला जोर पडतो, माल कमी निघतो म्हणून सेठनं त्या काढून टाकल्या. ईश्वरप्पा पंचायतीत गेला. पंचायत म्हणाली, हे काम प्रदूषणवाल्यांचं. प्रदूषणवाले म्हणाले, मिलला ना-हरकत तुमच्या पंचायतीनं दिली, तिला विचारा. तहसिलात गेला तर तिथला साहेब दोघांकडं बोट दाखवून चहा प्यायला उठला. नाली पंचायतीची, दिवाबत्ती पंचायतीची, नळ पंचायतीचा. हवा कुणाची हे सांगायला मात्र एकाही कचेरीत माणूस नव्हता. घर हलवायची सोय नाही आणि श्वास उसना मिळत नाही, म्हणून ईश्वरप्पा हिंडत राहिला. खोकत, थुंकत, एसटीच्या खिडकीला डोकं टेकवून.

शेवटी जिल्ह्यावरून हुकूम सुटला. मिल असलेल्या गावात हवा मोजायचं मशीन बसवावं, आकडे ग्रामसभेत वाचावेत आणि आकडे वाईट आले तर पंचायतीनं मिलला नोटीस देऊन पिशव्या लावायला भाग पाडावं.

सरपंच शेषेराव म्हणाला, "मशीन पंचायतीच्या मागं, टाकीखाली बशिवू."

"टाकीखाली?" ईश्वरप्पा उसळला. "तिथं कोन राहतंय, बेडूक? मिलसमोर माझं घर हाय. माझ्या गच्चीवर बसवा."

शेषेराव वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त कुणाशीच वाकडं घ्यायचं नव्हतं. तो "बरं" म्हणाला.

लातूरहून आदर्श नावाचा पोरगेला ऑपरेटर टेम्पोतून मशीन घेऊन आला. लोखंडी पायावर पांढरा डबा, वर छत्रीसारखं तोंड, पोटावर एक लहान पाटी. हवा चांगली असली की पाटीवरचा आकडा हिरवा, बिघडली की लाल. ईश्वरप्पा त्या दिवशी लई दिवसांनी हसला. "शिवगंगे," तो म्हणाला, "आता मला बोंबलायची गरज न्हाई. हेच बोलंल."

ते मशीन घुर्र घुर्र करत हवा ओढायचं. शिवगंगा पहिल्या संध्याकाळी त्याच्याशेजारी उभी राहिली आणि तिला कसंसंच झालं. खाली पलंगावर नवरा ओढायचा, वर हे ओढायचं. दोघांचा आवाज सारखाच. सरकारची वस्तू, धुळीनं बिघडली तर नाव आपल्या माणसावर येणार. मग जे ती नवऱ्यासाठी करायची तेच तिनं मशीनसाठी सुरू केलं. पहाटे गच्ची धुऊन काढायची. दुपारी पुन्हा पाणी शिंपायचं. आणि मिलकडच्या कठड्याला दोन बांबू बांधून त्यावर जुनं लुगडं ओलं करून ताणून लावायचं, नवऱ्याच्या खिडकीला लावायची तसंच. लुगडं संध्याकाळी पिवळंधम्मक व्हायचं. ती ते पिळायची तेव्हा घमेल्यात गाळ बसायचा. गाळ बघून तिला बरं वाटायचं. एवढी भुकटी तरी मशीनच्या घशात गेली न्हाई.

ईश्वरप्पाला पायऱ्या चढवत नव्हत्या. तो खालूनच विचारायचा, "चालू हाय का गं?"

"चालू हाय. हिरवं दाखवायलंय."

"हिरवं?" तो विचारात पडायचा. "सुरुवातीला तसंच असंल."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि शाळेपुढं ग्रामसभा बसली. बायका लिंबाखाली, माणसं ओट्यावर. संगमेश्वर सेठ खुर्चीत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या करडीतलं, म्हणजे लहानशा डबीतलं, इष्टलिंग, अंगावर परीटघडीचं धोतर. शिवगंगाच्या माहेरकडून तो लांबचा सोयरा लागत होता. मठातल्या पंगतीची डाळ त्याचीच असायची.

ग्रामसेवकानं चष्मा लावला. "हवेचा अहवाल. एकूण दर्जा, समाधानकारक. धुळीचं प्रमाण मर्यादेच्या आत. त्यामुळं नोटिशीचा विषय उरत नाही."

ओट्यावर खसखस पिकली. कुणीतरी ओरडलं, "ईश्वरप्पा, मशीन झूट बोलत नसतंय! बिडी सोडा आता!"

"मी जन्मात बिडी वढली न्हाई रे—" ईश्वरप्पा उठला आणि पुढचं वाक्य खोकल्यात गेलं.

"हे बगा, आता खोकून दाखवायलेत. पुरावा!"

माणसं पोट धरून हसली. ईश्वरप्पा वाकला, हात हवेत कशाला तरी धरायला गेला, काही सापडलं नाही, तसाच मांडी घालून खाली बसला. पंप खिशातून काढताना टोपी पडली. संगमेश्वर सेठ उठला, टोपी उचलून झटकली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. "हसू नका रे. आजारी माणूस हाय." त्या दयेनं ईश्वरप्पाचं तोंड जास्त काळं पडलं.

लिंबाखाली बसलेल्या शिवगंगाच्या डोळ्यांपुढं मिलकडं तोंड करून बसलेलं मशीन उभं राहिलं. आणि मधे ताणलेलं लुगडं. तिचं लुगडं.

घरी आल्यावर तिनं दार लोटलं आणि तिथंच उभी राहिली. "आवं, माझ्या हातून वाटोळं झालं."

ईश्वरप्पानं सगळं ऐकून घेतलं. लुगडं, सडा, पिळलेला गाळ. मार बसेल असं तिला वाटलं नाही, त्यानं कधी मारलं नव्हतं. पण हा माणूस आता रडला तर काय करायचं, याचं तिला भ्या वाटलं.

"मला लावायचीस ते त्याला बी लावलंस व्हय?"

"ते पन वढतंय की हो. तुमच्यासारखंच."

तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं होतं हे दोघांनीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती एकटी पंचायतीत गेली. पदर दातात धरून ग्रामसेवकाला सगळं सांगितलं. "आकडे खोटे हायत, साहेब. माझ्या लुगड्याचे हायत."

ग्रामसेवकानं पेनाचं टोपण लावलं. "वैनी, आकडे वर गेले. वर गेलेले आकडे खाली येत नसतेत."

"मग आता?"

"आता काय? तुम्ही सडा टाकताव ते चांगलंच हाय की. चालू ठेवा. गाव स्वच्छ दिसतंय." तो जरा पुढं वाकला. "अन् हे भाईर बोलू नका. सरकारी मशीनशी छेडछाड केली म्हनून ईश्वरप्पावरच उलटंल."

परतताना वाटेत तिला वाटलं, आत्ता पोलीस येतील. चूल पेटवताना वाटलं, आत्ता येतील. बाहेर कुणाची मोटरसायकल थांबली की हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडायची. पण गच्चीवर जाऊन तिनं लुगडं सोडलं, बांबू उपटले आणि पाण्याची घागर खाली आणली. त्या दिवसापासून गच्चीवर थेंब पडू दिला नाही. अंगणात टाकलेला सडा वाऱ्यावर वर जातो की काय, या धास्तीनं तिनं अंगणही कोरडं ठेवलं आणि आकड्यात आपला हात नको म्हणून झाडूही फिरवला नाही.

दोन-चार दिवसांत शेजारची कस्तुराबाई धापा टाकत आत आली. "गंगाबाई! कोन गेलं?"

"कोन जातंय?"

"दारात सडा न्हाई, रांगोळी न्हाई. गल्लीत बाया म्हनायल्या, ईश्वरप्पा—" तिची नजर पलंगावर गेली. ईश्वरप्पा उठून बसला होता.

"अजून हाय मी, कस्तुराबाई," तो म्हणाला. "गेलो की सांगून जाईन."

कस्तुराबाई ओशाळून हसली, पण जाताना उंबऱ्याकडं बघून नाक मुरडलंच. गल्लीत बोलणं झालं: लिंगायताची बाई असून दारात झाडू फिरवत नाही. नळावर शिवगंगा आली की बाया जरा सरकायच्या. जन्मभर जिच्या अंगणात काडी दिसली नव्हती, ती मान खाली घालून घागर भरायची. भांड्यांवर बोटानं नाव लिहिता यावं एवढी भुकटी. पण गच्चीवर पाटी लाल झाली होती. रोज लाल. कधी नव्हे ती आडवी रेघ मारल्यासारखी ठाम लाल.

आदर्श मशीनचा धूळ धरायचा कागद बदलायला आला तेव्हा बघतच राहिला. "काकू, हे काय? एवढा आकडा तर नांदेडच्या चौकात पण न्हाई येत."

"खरा हाय का?"

"मशीन तर ठीक हाय." त्यानं जुन्या कागदाची घडी घातली. "पन हे वर पाठवलं की मला फोन येणार, बगा."

फोन आला. पण आदर्शला नाही, शेषेरावाला. ठरलं ते लगेच ठरलं. इतक्या झटपट पंचायतीनं कधी बुजलेली नालीसुद्धा काढली नव्हती. मशीन ईश्वरप्पाच्या गच्चीवरून काढायचं आणि टाकीखाली न्यायचं. कारण काय, तर त्या घरात झाडलोट होत नाही, म्हणून आकडा चढला. टाकीखाली पंचायतीचा टँकर सकाळ-संध्याकाळ पाणी मारणार होताच. हवा स्वच्छ ठेवायचा निधी त्यासाठीच आला होता.

सोमवारी ते येणार हे कळल्यावर ईश्वरप्पा सकाळीच पायऱ्या चढायला लागला. एक पायरी, मग बसणं. दुसरी पायरी, मग बसणं. शिवगंगा मागून पाठीला हात लावून चढत होती. "कामून जीव द्यायलाव? मी बसते वर."

"तू लुगडं लावशील," तो म्हणाला. वर पोचल्यावर तो मशीनच्या लोखंडी पायाला पाठ टेकून बसला. खाली ब्लोअर सुरू झाला होता. भुकटी ऊन धरून तरंगत येत होती आणि त्याच्या मिशीवर बसत होती.

मंडळी आली तेव्हा सूर्य माथ्यावर होता. पुढं शेषेराव, मागं ग्रामसेवक, हातात पाना घेतलेला आदर्श, आणि सगळ्यांच्या मागून संगमेश्वर सेठ. गल्लीतली दहाबारा माणसंही तमाशा बघायला पायऱ्या चढून आली. कस्तुराबाईही आली.

"ईश्वरप्पा, उठा," शेषेराव म्हणाला. "दम लागंल हो इथं."

"घरात बी लागतोय."

सेठनं हात जोडले. "शरणार्थ, दाजी. अन् अक्का, तुमी मनात राग धरू नका. मशीन इथं काय अन् तिथं काय. आपुन घरचीच मान्सं."

शिवगंगा कठड्याला टेकून उभी होती. तोंडातून शब्द आले ते तिच्या आईच्या आवाजात आले. "घरची तर मग जेवून जा, अप्पा. सोमवार हाय. दुपारच्या वक्ताला आलेला मानूस उपाशी जात नसतोय आमच्यातून."

सेठ थबकला. गाव बघत होतं. सोमवारी, सोयऱ्याच्या दारातून, ताट नाकारून गेला असं झालं असतं तर मठात तोंड दाखवायला जागा नव्हती. "जेवू की. खाली बसू."

"मालकाला उतरवत न्हाई. त्यांची पंगत इथंच. त्यांना एकलं टाकून बसता का?"

तिनं खालून ताटं आणली. सेठनं कपाळाला भस्म लावलं, करडीतलं लिंग तळहातावर घेतलं, डोळे मिटले. तेवढ्या वेळात शिवगंगानं वाढलं. पांढरा भात, त्यावर दही, बाजूला आमटी. ईश्वरप्पापुढंही तेच ताट. सेठनं डोळे उघडले तेव्हा दह्यावर पिवळसर पापुद्रा धरला होता.

तो ताटाकडं बघत राहिला. मग मिलकडं. मग पुन्हा ताटाकडं.

पहिला घास तोंडात गेला आणि कचकचला. शेषेरावालाही ऐकू आला. सेठनं गिळला. दुसरा घेतला. हा माणूस जेवण म्हणजे प्रसाद मानायचा. ताटात शीत टाकत नसे. जेवण झालं की ताटात पाणी ओतून, बोटानं फिरवून, ते पाणी पिऊन मगच उठायचा. मठात पोरांना हे तोच शिकवायचा. त्याला आता ते पाणी दिसायला लागलं असावं, कारण तिसऱ्या घासाला त्याचा हात अडला. वरून भुकटी पडतच होती.

ईश्वरप्पा मात्र जेवत होता. रोजच्यासारखा, मुकाट्यानं.

सेठनं डावा हात खिशात घातला. "हॅलो. सुदर्शन? अरे, ब्लोअर बंद कर. बंद कर म्हनलं ना! मी जेवायलोय. जेवण होईस्तोर."

घरघर थांबली.

गावातल्या कुणाच्याच हे ध्यानात उरलं नव्हतं की दुपारी गावाला स्वतःचा असा आवाज असतो. कुणाची तरी शेळी ओरडली. लांब बोअरवर पाणी पडत होतं. भुकटी थोडा वेळ अधांतरी राहिली आणि मग खाली बसली. पुढची आलीच नाही. शिवगंगानं सेठचं ताट उचललं, नवं मांडलं. "ते राहू द्या, ते मी गायीला घालते. हे घ्या." पांढरा भात पांढराच राहिला.

आदर्शनं पाना तसाच धरला होता. "सरपंच," तो हळूच म्हणाला, "पाटी बगा."

शेषेराव वाकला. पाटीवरचा आकडा उतरत होता. लाल होता, पिवळा झाला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हिरव्याकडं सरकत होता. गच्चीवर ना सडा होता, ना लुगडं. झाडू फिरलेला नव्हता. कोपऱ्यात भुकटीचा ढीग तसाच पडून होता.

"बंद केलं की उतरतंय तर," गल्लीतला एक जण म्हणाला. हाच त्या दिवशी बिडीवरून ओरडला होता. आता कुणी हसलं नाही.

ग्रामसेवकानं घसा खाकरला. "हे बगा, तांत्रिक बाब हाय—"

"तुमी गप बसा वो," कस्तुराबाई म्हणाली.

ईश्वरप्पाचं जेवण संपलं नव्हतं, पण त्याची मान मशीनच्या पायावर कलली होती. तोंड मिटलेलं. नाकानं श्वास चालू होता, लहान लेकरासारखा. शिवगंगा दचकून जवळ गेली, बोट नाकाशी धरलं आणि मग तिथंच खाली बसली. झोपला होता. घास हातात धरून झोपला होता.

सेठ घाईनं जेवत होता. तो उठला की फोन होणार, फोन झाला की घरघर. शिवगंगाला ते कळत होतं. तिनं पळी भरली. सेठनं ताटावर हात आडवा धरला. "बास, बास, अक्का."

"अप्पा, सोयऱ्याच्या घरी बास म्हनतेत का?" हाताच्या बाजूनं भात ताटात पडला. पडलेलं टाकता येत नाही. सेठनं तिच्याकडं बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं.

शेषेराव अजून पाटीकडं बघत होता. मिलचा कर पंचायतीला लागत होता. सेठची माणसं निवडणुकीला लागत होती. त्याची आईही अलीकडं माघी गारठा म्हणून खोकत होती. तो सरळ झाला, धोतर आवरलं आणि सेठच्या शेजारी मांडी घालून बसला.

"आदर्श, पाना ठेव खाली," तो म्हणाला. "वैनी, मला बी वाढा. भूक लागली."

सेठचा घास तोंडापाशी थांबला. "सरपंच, तुमचं घरी जेवण असंल."

"हाय की. पन पंगत बसलीय तर बसतो. अन् तुमच्या त्या पिशव्या गोदामात पडल्यात म्हनं. सुदर्शनला फोन करा, तोवर पाइपाला बांधायला लाव म्हना. तसं बी ब्लोअर बंदच हाय."

"त्याला येळ लागतोय, शेषेराव. दिस मावळंल."

"मावळू द्या."

पंगतीत शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत कुणी उठत नाही. हे सेठला ठाऊक होतं, शेषेरावाला ठाऊक होतं, आणि आता मागं उभ्या असलेल्यांनाही ते उमगलं. बिडीवाला पुढं आला आणि शेषेरावाच्या शेजारी बसला. त्याच्यामागून दुसरा. मग कठड्याला टेकलेले दोघे. माणसं फक्त बसत गेली, गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि सेठ मधे अडकला. त्याचं ताट धुऊन झालं होतं, पाणी पिऊन झालं होतं. ओला हात गुडघ्यावर ठेवून तो बसून होता. दुसऱ्या हातात फोन होता.

शिवगंगा खाली धावली. पातेल्याचं झाकण काढलं. तळाला दोन-चार पळ्या भात. आमटी तर केव्हाच संपली होती. वर माणसं वाढतच होती. भात संपला की पंगत संपली, पंगत संपली की फोन, आणि वर झोपलेल्या माणसाची छाती पुन्हा भरायला लागणार.

"कस्तुराबाई!" तिनं अंगणातून हाक मारली.

कस्तुराबाई गल्लीतूनच ओरडली, "पिटलं टाकून आले चुलीवर! ज्या घरात जे असंल ते आणायला सांगितलंय बायांना. तू वाढत राहा, थांबू नको!"

शिवगंगानं पातेल्याचा तळ खरवडला. पळी अर्धीच भरून घेतली, म्हणजे जास्त पुरेल. घाम डोळ्यांत उतरत होता. वर आली तेव्हा सेठच्या हातातला फोन कानाला होता आणि तो खालच्या आवाजात पिशव्यांचं काहीतरी बोलत होता. बांधायचं बोलत होता की थांबवायचं, ते तिला कळेना. ती ओळीच्या पहिल्या माणसापासून सुरू झाली. प्रत्येकाच्या ताटात बोटभर भात टाकत, नवऱ्याच्या पायाला धक्का न लावता, ती वाकून पुढं सरकत राहिली. आणि प्रत्येकाला तेच म्हणत राहिली.

"सावकाश होऊ द्या. सावकाश होऊ द्या."